पार्ट कोणी बनवला, ते खोक्यावर छापा

प्रति,
मा. सचिव, ग्राहक व्यवहार विभाग,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : मोटारीच्या सुट्या भागांच्या खोक्यावर मूळ उत्पादकाचं नाव आणि दुरुस्तीच्या एस्टिमेटवर पार्ट नंबर सक्तीचा करण्याबाबत

महोदय/महोदया,

पत्र मराठीत लिहितोय. हिंदीत लिहिलं असतं तर निम्मी लिंगं चुकली असती, आणि इंग्रजी पत्राला मला सीएच्या ऑफिसातला पोरगा बोलवावा लागतो. आपल्याकडे मराठी वाचणारं कुणीतरी असेलच.

मी शिरोली एमआयडीसीतला फौंड्रीवाला. वडिलांनी उद्यमनगरात एका लेथवर सुरुवात केली, मी ओतकामात आलो. ट्रॅक्टर, ट्रक, पंप यांची कास्टिंग करतो. कोल्हापूरचं ओतकाम कुठल्या कुठल्या गाड्यांत जातं हे खुद्द कोल्हापुरातल्या लोकांनाही नीट ठाऊक नसतं. माल गेटबाहेर पडला की आमचं नाव संपतं, पुढे गिऱ्हाईक कंपनीचं नाव लागतं. धंद्याचा रिवाज आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण तक्रार करणारा कोण हे आधी सांगितलेलं बरं, कारण पुढे मी लोखंड-ॲल्युमिनियमवरच्या खुणांबद्दल बरंच बोलणार आहे.

2021 साली मी एक जुनी जर्मन गाडी घेतली. 2014चं मॉडेल, पुण्याहून, नव्या हॅचबॅकच्या किमतीत. बायको म्हणाली, "हत्ती स्वस्तात मिळाला म्हणून कुणी दारात बांधतं का? चारा कोण घालणार?" मी हसण्यावारी नेलं. गाडी होतीच तशी. पुणे-बेंगळुरू हायवेला लागली की स्टेअरिंगवर दोन बोटं पुरतात.

चारा म्हणजे काय ते दुसऱ्या पावसाळ्यानंतर कळलं. गगनबावडा रोडला कळे गावाच्या पुढे खड्डे चुकवता चुकवता डाव्या पुढच्या चाकातून टक, टक असा आवाज यायला लागला. ऐंशीच्या वेगात ब्रेक दाबला की स्टेअरिंग थरथरायचं. गाडी दुसऱ्या शहरातल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेली. नाव लिहीत नाही, कारण ही एका सेंटरची गोष्ट नाही. एसी लाउंज, कॉफी, काचेतून दिसणारा वर्कशॉप. तासाभराने एस्टिमेट हातात आलं. पुढचे दोन लोअर आर्म (चाक धरून ठेवणारे खालचे दांडे), नट-बोल्ट, मजुरी, अलाइनमेंट, वर जीएसटी : 79,000 रुपये.

मी कागद दोनदा वाचला. किमतीचा धक्का होताच, पण माझी नजर अडकली ती रिकाम्या जागेवर. 'फ्रंट आर्म असेंब्ली, लेफ्ट' एवढंच लिहिलेलं. पार्ट नंबर नाही. आमच्याकडे नंबराशिवायचं चलान स्टोअरवाला आत घेत नाही, परत पाठवतो. सर्व्हिस ॲडव्हायझरला विचारलं तर म्हणाला, "सर, नंबर सिस्टीममध्ये असतो, कस्टमरला द्यायचा नाही असं आहे." बरं, बुश (आर्मच्या टोकात बसवलेला रबरी भाग) वेगळा मिळेल? "कंपनी असेंब्लीच देते, म्हणजे अख्खा आर्म." पोरगा सज्जन होता. गेटपर्यंत सोडायला आला आणि हळूच म्हणाला, "माझी गाडी मी बाहेरच दाखवतो."

मी गाडी तशीच कोल्हापुरात आणली आणि उद्यमनगरातल्या आमच्या मेस्त्रींच्या रॅम्पवर चढवली. त्यांनी बॅटरी मारली, बोटाने आर्मच्या मागच्या टोकावरचा काळा ओघळ पुसला आणि ते बोट माझ्या नाकापुढे धरलं. "मालक, ह्या बुशात तेल असतंय. रबार फाटलं, तेल गेलं. आर्मला कायबी झालेलं न्हाई." डाव्या बाजूला मात्र आर्मच्या बॉल जॉइंटलाही (गोल सांध्यालाही) प्ले होता, तो ढिला झाला होता. म्हणजे डावीकडे आर्म, उजवीकडे नुसता बुश. अख्ख्या दुखण्याचं निदान एका बोटावर झालं.

आता खरी गोष्ट. जुना आर्म निघाल्यावर मी तो डिझेलच्या चिंधीने पुसला. फोर्जिंगचं (तापवून ठोकलेलं) ॲल्युमिनियम, पोटावरून गेलेली डायची (साच्याची) रेघ, एक नंबर, गाडीच्या कंपनीचा गोल-मटोल लोगो आणि त्याच्या शेजारी अगदी बारीक अशी दुसरीच खूण. ती खूण गाडीच्या कंपनीची नव्हती. ती आर्म बनवणाऱ्याची होती. नंबर कागदावर उतरवला, चॅसिस नंबरावरून कॅटलॉगमध्ये ताडून पाहिला (तेही करावंच लागतं, कारण एकाच मॉडेलला अमुक महिन्याआधी एक पार्ट आणि नंतर दुसरा असतो), आणि मुंबईच्या एका पार्टवाल्याला फोन केला. त्याने विचारलं, "कंपनीचा देऊ की बनवणाऱ्याचा?"

चार दिवसांनी खोकं आलं. बनवणाऱ्याच्या स्वतःच्या नावाचं, 13,500 रुपयांचं. मी तो आर्म जुन्याशेजारी बाकावर ठेवला. तीच रेघ, तोच उंचवटा, डायचा क्रमांकसुद्धा तिथेच. फक्त जिथे जुन्यावर लोगो होता तिथे नव्यावर ग्राइंडरने खरवडलेला एक चपटा डाग. अंगठा फिरवला की खरखर लागते. पस्तीस वर्षं ग्राइंडिंग बघतोय, त्या डागाचा अर्थ मला कुणी समजावायची गरज नव्हती. त्याच डायमधून पार्ट निघतो, गाडीच्या कंपनीला जाणाऱ्यावर लोगो राहतो, बाजारात जाणाऱ्यावरचा घासून काढतात. आमच्याकडेही गिऱ्हाइकाच्या लोगोची चकती पॅटर्नवर (ज्यावरून साचा घेतात त्या नमुन्यावर) स्क्रूने बसवलेली असते. चकती काढली म्हणून लोखंड बदलत नाही.

बुश 3,200ला मिळाला. मेस्त्रींनी जुना बुश प्रेसवर काढला, नव्यावरची खूण आर्मवरच्या खुणेशी जुळवून दाबला आणि आवळणीचा बोल्ट गाडी चाकांवर टेकवल्यावरच शेवटचा आवळला. गाडी उचललेली असताना आवळला तर खाली उतरवल्यावर रबराला कायमचा पीळ बसतो आणि सहा महिन्यांत परत फाटतं. हे मला तेव्हा कळलं. नट-बोल्ट, मजुरी, अलाइनमेंट धरून सगळं 24,000च्या आत. त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. टक नाही, थरथर नाही.

आता आपण म्हणाल, मग तुमचं काम झालं, पत्र कशाला? कारण माझं काम योगायोगाने झालं. मला फोर्जिंगवरची खूण वाचता येते. माझ्या मेव्हण्याला येत नाही. तो डॉक्टर आहे, त्याच्याकडे माझ्याहून महागडी गाडी आहे आणि तो दर सर्व्हिसिंगला मुकाट्याने पैसे भरून येतो.

गाडीची कंपनी गाडीतलं सगळं स्वतः बनवत नाही, हे काही गुपित नाही. लेमफोर्डर आर्म आणि बॉल जॉइंट बनवते, झाक्स शॉकअप आणि क्लच बनवते, दोन्ही झेडएफच्या घरातल्या. आटेचे ब्रेक, मानचे फिल्टर, मालेचे पिस्टन आणि थर्मोस्टॅट, हेलाचे दिवे, एनजीकेचे प्लग, बॉशचं तर विचारूच नका. यातले कितीतरी पार्ट गाडीच्या कंपनीच्या खोक्यात एका भावाने आणि स्वतःच्या खोक्यात दुसऱ्या भावाने मिळतात. कधी तर गाडीसुद्धा तीच नसते. फोक्सवॅगन, स्कोडा आणि ऑडी एकाच कुटुंबातल्या. 1के0 किंवा 5क्यू0ने सुरू होणारा नंबर तिन्हींच्या पोटात सापडतो. माझा एक मित्र ऑडीचा बारीकसारीक पार्ट आधी स्कोडाच्या काउंटरवर विचारतो, आणि नंबर जुळला तर तिथूनच उचलतो.

पण या सगळ्याला नंबर लागतो आणि बनवणाऱ्याचं नाव लागतं. गिऱ्हाइकापासून नेमक्या त्याच दोन गोष्टी लपवलेल्या असतात.

स्वस्त ते सगळं चांगलं असं मी म्हणत नाही, उलट त्याची किंमत मी मोजलीय. आर्मचं जमल्यावर माझ्या अंगात वारं शिरलं. ब्रेक पॅड बदलायचे होते. एका दुकानात एका नामांकित जर्मन नावाचं खोकं मिळालं, बाजारभावाच्या निम्म्याने. घेतलं. त्या महिन्यात रत्नागिरीला निघालो. आंबा घाट अर्धा उतरल्यावर जळकट वास आला. पुढच्या वळणाला ब्रेक दाबला तर पेडल दगडासारखं घट्ट, आणि गाडी थांबायचं नाव घेईना. मागच्या सीटवर आई होती. गिअर खाली टाकत टाकत साखरप्याला पोचलो आणि टपरीवर बसून दोन चहा प्यालो, तरी हात थरथरतच होते. घरी आल्यावर खोकं नीट वाचलं. 'जर्मनी' या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त होतं. दुकानदार म्हणाला, "आम्ही काय उघडून बघतो व्हय?"

त्या नकली पॅडचा आणि सर्व्हिस सेंटरच्या कोऱ्या एस्टिमेटचा संबंध मला तिथेच लागला. खरा माल कोण बनवतो हे गिऱ्हाइकाला अधिकृतपणे कुणी सांगत नाही, म्हणून जो येईल तो एखादं जर्मन नाव छापतो आणि आम्ही फसतो. कंपन्या म्हणतात, बाहेरचा पार्ट सुरक्षित नसतो. मग कुठला असतो ते तुम्हीच सांगा की! एअरबॅग, सीट बेल्ट मीही बाहेरून घेणार नाही, ते हट्टाने कंपनीतूनच घेईन. पण फिल्टर, प्लग, वॉटर पंप, आर्म, शॉकअप यांत कुठलं देवाचं गुपित आहे?

आणि सांगणं अशक्य आहे असंही नाही. इंजिन ऑइलच्या बाबतीत ह्याच कंपन्या वर्षानुवर्षं सांगत आल्यात. ऑइलचा डबा मागे फिरवून बघा. मर्सिडीजची 229.5, बीएमडब्ल्यूची लाँगलाइफ 01 किंवा 04, फोक्सवॅगनची 502 00, असे मान्यतेचे आकडे छापलेले असतात. गाडीच्या पुस्तकात जो आकडा आहे तो डब्यावर असला की झालं. डबा कुठल्याही कंपनीचा असो, मेस्त्रीला सल्ला लागत नाही, गिऱ्हाइकाला भीती वाटत नाही. ऑइलवर इंजिनाचा जीव अवलंबून असतो. तिथे चालतं, तर थर्मोस्टॅटच्या बाबतीत का चालू नये, याचं सरळ उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

यातलं बरंचसं सरकारच्याच कागदावर आधीपासून आहे. 2011 साली एका ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार नेली. 25 ऑगस्ट 2014 रोजी आयोगाने 14 मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड केला. सुटे भाग आणि तपासणीची साधनं खुल्या बाजारात येऊ न देणं हा वर्चस्वाचा गैरवापर आहे, असं आयोगाने म्हटलं. पण दंडापेक्षा मला त्या आदेशातली एक सूचना महत्त्वाची वाटते. सुटे भाग, त्यांची कमाल किंमत आणि त्याच दर्जाचे पर्यायी भाग यांची माहिती कंपन्यांनी आपल्या संकेतस्थळावर टाकावी, असं त्यात सांगितलेलं आहे. त्याच दर्जाचे पर्यायी भाग! मला हवंय ते याहून वेगळं काही नाही. पुढे प्रकरण अपिलात गेलं. डिसेंबर 2016 मध्ये अपील न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांबाबत निष्कर्ष कायम ठेवला आणि दंड कमी केला. वकिलांचं वकिलांना लखलाभ. माझ्या एस्टिमेटवरची जागा अजून कोरीच आहे.

आपल्या विभागाने 2022 साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाईल, घरगुती उपकरणं यांच्याबरोबर मोटारीही तिच्या यादीत घेतल्या, आणि त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टल सुरू केलं. चांगलं काम केलंत. आता त्यात एक रकाना वाढवा : पार्ट नंबर, त्यासमोर मूळ उत्पादक, त्यासमोर त्याच दर्जाचा पर्याय. भरायचं काम कंपन्यांकडे द्या, माहिती त्यांच्या सिस्टीममध्ये आहेच. मला सर्व्हिस सेंटरच्या त्या पोराने सांगितलंय.

दुसरी गोष्ट तर सर्वस्वी आपल्याच अखत्यारीतली. वैधमापनाचे पॅकबंद वस्तूंचे 2011चे नियम आपल्या विभागाचे. देशात बनलेल्या मालाच्या पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव लागतं. परदेशातून आलेल्या खोक्यावर मात्र आयातदाराचं नाव आणि पत्ता चालतो, शिवाय मूळ देश आणि कमाल किंमत. म्हणजे देशात बनलेल्या साध्या पाकिटाला जो नियम आहे, तो चाकाला धरून ठेवणाऱ्या आयात आर्मला नाही. आर्मच्या खोक्यावर गाडीची कंपनी आयातदार म्हणून दिसते, देशाचं नाव दिसतं, आणि ज्याने तो भट्टीत तापवून डायमध्ये ठोकला त्याचा पत्ताच नाही. मोटारीच्या सुट्या भागांपुरती या नियमात एक ओळ वाढवायची आहे. संसद लागत नाही, अधिसूचना पुरते.

छापलेल्या गोष्टीची ताकद काय असते ते सांगतो. 22 सप्टेंबर 2025 पासून सुट्या भागांवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. त्यानंतर एका बिलावर चुकून 28च लागला होता. आमच्या मेस्त्रींचा पोरगा, बारावी नापास, त्याने तो काउंटरवरच पकडला. का? तर टक्का बिलावर छापलेला असतो. नंबर आणि नाव छापून बघा, पोरं काय काय पकडतात ते.

एक गोष्ट मात्र नंबर छापूनही सुटणार नाही. हल्लीच्या गाड्यांत काही पार्ट नुसते बसवून चालत नाहीत, गाडीच्या कॉम्प्युटरला त्यांची ओळख करून द्यावी लागते. काही मॉडेलांत साधी बॅटरी बदलली तरी नोंद लागते. ते सॉफ्टवेअर बाहेरच्या मेस्त्रीला वाजवी भाड्याने मिळालं पाहिजे. पण तो विषय मोठा आहे, इथे वाढवत नाही.

थोडं अवांतर. आमच्या कोल्हापुरात छत्रपतींच्या घराण्याची जुनी मेबॅक गाडी आहे. दसऱ्याला ती दसरा चौकात येते तेव्हा गर्दी फोटो काढते. मी दरवर्षी एकच विचार करत उभा असतो : हिचा एखादा बुश गेला तर एस्टिमेट कोण देत असेल? कुणी सांगितलं असेल का कधी, की असेंब्लीच घ्यावी लागेल? माझी खात्री आहे, अशी गाडी जिवंत ठेवणाऱ्याने कधी ना कधी पार्ट हातात घेऊन, उलटसुलट करून, माप काढून लेथवर टर्न केला असणार. या गावाचं सगळं ओतकाम त्याच सवयीवर उभं राहिलंय.

बरं, कंपन्यांचं बुडवायचं असं माझ्या मनात नाही. त्यांच्या खोक्याला वॉरंटी असते, स्टॉक ठेवायला पैसा लागतो, कॉफी फुकट असते. ज्याला तेच हवंय त्याने तेच घ्यावं. माझी मागणी एवढीच की घेणाऱ्याला दोन्ही खोकी समोर दिसू देत. मी स्वतः पुरवठादार आहे. माझ्या कास्टिंगवर माझं नाव आलं तर उद्या एखादं गिऱ्हाईक रागावेल, हे मला कळतं, आणि तरी लिहितोय.

सोबत दोन कागद जोडलेत. शाळेत नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो, तसे दोन्ही आर्मचे ठसे मी घेतले होते, बसवण्याआधी. पहिल्या कागदावर नंबर, लोगो आणि ती बारीक खूण दिसेल. दुसऱ्यावर तोच नंबर, तीच खूण, आणि लोगोच्या जागी पेन्सिलीचे आडवे फराटे. दोन्ही कागद एकावर एक ठेवून उजेडात धरले तर रेघेवर रेघ बसते. जुना आर्म माझ्या ऑफिसात टेबलावर आहे. आपल्याकडून पत्र आलं की रजिस्टर पोस्टाने पाठवतो, खर्च माझा.

आपला,
शिरोली एमआयडीसीतला एक फौंड्रीवाला,
कोल्हापूर

सोबत : पेन्सिलीने घेतलेले ठसे, दोन कागद